घोट्यातले हाड

आज मी आपल्याशी एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द ग्रीक आहे आणि तो ज्या वस्तूचे नाव आहे ती वस्तू अगदी क्षुल्लक आहे. शेळीच्या किंवा मेंढीच्या मागच्या पायात, घोट्याच्या सांध्यात, सुपारीहून थोडे मोठे असे एक हाड असते. ग्रीक लोक त्याला 'आस्त्रागालोस' म्हणत. एवढ्याशा हाडावर वीस मिनिटे काय बोलणार, असे आपल्या मनात येईल. माझ्याही मनात एके काळी तसेच आले होते, आणि त्यामुळेच माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक आधी सांगतो. म्हणजे या विषयाकडे मी कसा वळलो ते आपल्या ध्यानात येईल.

कॉलेजात मी 'इलियड' शिकवीत होतो. भाषांतरावरूनच, अर्थात. तेविसाव्या सर्गात पात्रोक्लोसचा आत्मा रात्री अकिलिसच्या स्वप्नात येतो, तो प्रसंग चालला होता. आपण तुझ्या घरी लहानपणीच कसे आलो, हे तो मित्राला आठवून देतो. ओपस गावी असताना त्याच्या हातून अँफिडामासच्या मुलाची हत्या झाली होती. म्हणून त्याच्या बापाने त्याला अकिलिसचा पिता पेलेउस याच्या आश्रयाला आणून ठेवले. हत्या कशावरून झाली? माझ्यापुढच्या इंग्रजी पुस्तकात 'डाइस' असा शब्द होता. मी वर्गाला सांगितले, "जुगारातल्या भांडणावरून." मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, पण तो तर लहान मुलगा होता ना? लहान मुलगा जुगार कसा खेळेल?" मी म्हटले, "अहो, महाकाव्य आहे ते. तुम्ही पुढचं लिहून घ्या." तो बसला आणि त्याने पुढचे लिहून घेतले.

प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर हे उत्तरच नव्हते. पुढे सुट्टीत ग्रीक कोश उघडला. लिडेल आणि स्कॉट यांचा हा कोश १८४३ साली प्रथम निघाला. ग्रीक वाचणाऱ्यांना त्याच्यावाचून आजही गत्यंतर नाही. त्यात पाहिले तेव्हा कळले की होमरच्या त्या ओळीत फासा हा शब्दच नाही. सहा बाजूंच्या फाशाला ग्रीकमध्ये 'कुबोस' असा निराळा शब्द आहे. होमरने म्हटले आहे ते 'आस्त्रागालोई', म्हणजे घोट्यातली हाडे.

शब्द कळला तरी वस्तू पाहिल्याशिवाय समाधान होईना. गावातल्या मटणवाल्याकडे गेलो आणि मागच्या पायाच्या घोट्यातले हाड मागितले. तो म्हणाला, "मास्तर, त्याला मांस कुठं असतं?" त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. माणसाच्या घोट्यातही हे हाड असते आणि त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो, असे शरीरशास्त्र सांगते. आमच्या घरात हाड शिजत नाही. तेव्हा सौभाग्यवतींच्या आज्ञेवरून अंगणात तीन दगड मांडून, टाकाऊ डब्यात ते उकळले, घासले आणि वाळवले. मग मात्र ते हातातून खाली ठेववेना. गुळगुळीत, हलके, मुठीत नेमके बसणारे. हा खेळ कोणी शोधला हे विचारण्याचे कारणच नाही, असे तेव्हा वाटले. ज्या घरी बकरे कापले जाई, त्या घरच्या पोराने तो शोधला असणार.

या हाडाला सहा दिशा असल्या, तरी दोन टोके वाटोळी असल्यामुळे त्यांवर ते उभे राहत नाही. ते चारच बाजूंनी पडते. दोन बाजू रुंद आहेत, एक फुगीर व एक खोलगट. दोन अरुंद आहेत, एक सपाट आणि एक किंचित दबलेली. या चार बाजूंना ग्रीकांनी १, ३, ४ आणि ६ अशा किंमती दिल्या होत्या. रुंद बाजू ३ व ४ च्या, अरुंद बाजू १ व ६ च्या. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. २ आणि ५ मुळी नाहीतच. हाडावर ठिपके खोदण्याची गरज नव्हती, कारण प्रत्येक बाजूचा चेहरा निराळा. एकाच्या बाजूला किऑस बेटाचे नाव होते आणि सहाच्या बाजूला कॉस बेटाचे. एकाला 'कुत्रा' असेही म्हणत.

आता शब्दाकडे वळू. हाडाला ग्रीकमध्ये सामान्य शब्द आहे 'ऑस्टेऑन'. आपला संस्कृत 'अस्थि' आणि हा 'ऑस्टेऑन' एकाच कुळातले, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद नाही. 'आस्त्रागालोस' हाही त्याच घरातला, असे पुष्कळ विद्वान मानतात. कोणी तो ग्रीकांच्या पूर्वीच्या रहिवाशांच्या भाषेतून आला असावा असे म्हणतात. या शब्दाचे अर्थ मात्र पुढे चांगलेच फुटले. मण्यांच्या माळेसारखी जी नक्षी ग्रीक खांबांवर कोरलेली असते तिला हेच नाव पडले. एका वनस्पतीलाही पडले, आणि शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या एका मोठ्या प्रजातीला आजचे वनस्पतिशास्त्र त्याच नावाने ओळखते. रोमन लोकांनी या हाडाला 'टालुस' म्हटले, आणि माणसाच्या घोट्यातल्या हाडाला डॉक्टर मंडळी 'टॅलस' म्हणतात ते त्यावरूनच.

पण सर्वांत जुना दुसरा अर्थ आहे तो मानेच्या मणक्याचा, आणि तोही होमरमध्येच. 'ओडिसी'त एल्पेनोर नावाचा एक तरुण खलाशी आहे. दारूच्या धुंदीत तो किर्केच्या वाड्याच्या छपरावर झोपतो, सकाळच्या गडबडीत शिडीवरून उतरायचे विसरतो आणि खाली पडून त्याची मान मोडते. तेथे मोडतात ते मणके म्हणजेही 'आस्त्रागालोई'. हा एल्पेनोर आपण लक्षात ठेवावा. त्याच्याकडे मला शेवटी पुन्हा यायचे आहे.

खेळ म्हटला म्हणजे आधी मुले. प्लेटोच्या 'लिसिस' या संवादात सॉक्रेटिस एका व्यायामशाळेत शिरतो. सणाचा दिवस आहे, पोरांनी ठेवणीतले कपडे घातले आहेत आणि कपडे बदलण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात काही मुले टोपल्यांतून ही हाडे काढून एकी-बेकी खेळत आहेत. मुठीत किती, सम की विषम? आपण चिंचोक्यांनी खेळलो तेच. प्लुटार्क हा चरित्रकार अल्किबिआडीसच्या लहानपणाची गोष्ट सांगतो. हे पुढे अथेन्सला डोईजड झालेले कार्टे एकदा अरुंद गल्लीत हाडे खेळत होते. याची टाकण्याची पाळी आली आणि समोरून ओझ्याची गाडी आली. "थांब," हा म्हणाला. गाडीवान थांबेना. बाकीची पोरे पळाली. हा गाडीपुढे आडवा झाला आणि म्हणाला, आता ने गाडी! गाडीवानाने घाबरून बैल म्हणा, घोडे म्हणा, जे काय असतील ते मागे ओढले. सारा अल्किबिआडीस त्या एका डावात दिसतो.

मुलींचा खेळ निराळा होता. पाच हाडे वर उडवायची आणि हाताच्या पालथ्या बाजूवर झेलायची. जी खाली पडतील ती, झेललेली न सांडता, उचलायची. ग्रीक कोशकार पोल्लुक्स याने हा खेळ वर्णिला आहे. हे वाचताना मला आमच्या ओटीवरचा सागरगोट्यांचा आवाज ऐकू आला. आपल्या मुलींना काटेरी वेलीच्या शेंगेतले राखी, टणक बी मिळाले. ग्रीक मुलींना मेंढीचे हाड मिळाले. खेळ कोणी कोणाकडून घेतला असे मी म्हणत नाही. मुलींचे हात सगळीकडे सारखेच, एवढेच.

इटलीत हर्क्युलेनियम येथे या खेळाचे एक चित्र सापडले आहे. ते संगमरवरावर काढलेले असून नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि अथेन्सच्या अलेक्झांड्रोसने त्यावर आपले नाव लिहिले आहे. पाच स्त्रिया आहेत. पुढे दोघी ओणव्या बसून हाडे खेळत आहेत; मागे तिघी उभ्या. प्रत्येकीचे नाव लिहिले आहे, आणि नावे वाचली की चित्राचा रंग बदलतो. त्यांत एक आहे लेतो आणि एक आहे निओबे. पुढे ही निओबे आपल्या पोरांच्या संख्येचा तोरा मिरवील, लेतोला हिणवील, आणि लेतोची दोन मुले, अपोलो व आर्तेमिस, निओबेची सगळी मुले बाणांनी मारतील. चित्रकाराने ते काहीच दाखवलेले नाही. त्याने मैत्रिणी दाखवल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये ही हाडे.

मोठ्या माणसांनी या हाडांचे जे केले ते आपण ओळखले असेलच. हिरोडोटस सांगतो की फासे, हाडे आणि चेंडू हे खेळ आपणच शोधले असे लिडियाचे लोक म्हणत. दुष्काळ पडला होता. तेव्हा एक दिवस जेवायचे आणि एक दिवस भूक विसरण्यासाठी खेळायचे, असे त्यांनी १८ वर्षे काढली म्हणे. गोष्ट खरी असो वा नसो. डावात बसलेल्या माणसाला भूक लागत नाही, हे निरीक्षण खोटे नव्हे.

रोमन लोक चार हाडे एकदम टाकीत. चारही हाडे चार निरनिराळ्या बाजूंनी पडली तर तो व्हीनसचा डाव, सर्वांत उत्तम. चारही एक पडले तर कुत्र्यांचा, सर्वांत हलका. सम्राट ऑगस्टसचे एक पत्र सुएटोनियसने जपून ठेवले आहे. जेवणाच्या वेळी खेळताना एक किंवा सहा पडेल त्या प्रत्येक हाडामागे टाकणाऱ्याने एक दिनार मध्ये ठेवायचा आणि व्हीनस टाकील त्याने सगळे उचलायचे, असा नियम त्यात आहे. साम्राज्याचा धनी संध्याकाळी घोट्याची हाडे टाकीत बसे!

येथे मला एका कोड्याकडे आपले लक्ष वेधायचे आहे. माझ्याकडचे हाड मी घरी पुन्हा पुन्हा टाकून पाहिले. रुंद बाजू सारख्या पडतात, अरुंद क्वचित. ज्यांनी हे काळजीपूर्वक मोजले आहे ते ठोकळमानाने असे सांगतात : दहांत चार वेळा एक रुंद बाजू, चार वेळा दुसरी, आणि एकेक वेळ प्रत्येक अरुंद बाजू. या हिशेबाने व्हीनसचा डाव सुमारे २६ वेळांत एकदा पडेल. आणि कुत्र्यांचा? दहा हजारांत एकदा! म्हणजे जो डाव अतिशय दुर्मिळ तो सर्वांत हलका ठरला होता. किंमत आणि शक्यता यांचा संबंध कोणी जोडलाच नव्हता.

त्यांना अंदाज नव्हता असे मात्र नाही. अॅरिस्टॉटल म्हणतो, ठरवलेली बाजू एकदोनदा पाडणे सोपे. दहा हजार वेळा पाडणे अशक्य. सिसेरोच्या शकुनांवरील संवादात त्याचा भाऊ विचारतो : चार हाडांत व्हीनस योगायोगाने पडेल, चारशे हाडे टाकून शंभर व्हीनस पडले तर त्यालाही योगायोगच म्हणाल काय? सिसेरोचे उत्तर असे, की जो पुष्कळ टाकतो त्याला केव्हा ना केव्हा व्हीनस पडणारच, कधी लागोपाठही पडेल, आणि त्यात देवाचा हात शोधणे हा मूर्खपणा. संभवाचे शास्त्र अगदी उंबरठ्याशी आले होते. पण भूमिती परिपूर्णतेला नेणाऱ्या या लोकांनी तो उंबरठा ओलांडला नाही. त्यानंतर सोळाव्या शतकात कार्दानो या इटालियन वैद्याने द्यूतावर ग्रंथ लिहिला. तो छापला गेला १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. आणि १६५४ साली पास्काल व फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला, तेथून या शास्त्राची खरी सुरुवात मानतात.

असे का व्हावे? मला दोन कारणे दिसतात. एक तर दोन हाडे कधी अगदी सारखी नसतात. माझ्या हाडाचा हिशेब आपल्या हाडाला लागू पडणार नाही. घडवलेल्या फाशाच्या सहाही बाजू सारख्या मानता येतात, निसर्गाने दिलेल्या हाडाच्या येत नाहीत. दुसरे कारण असे, की हाड कसे पडावे हे देव ठरवतात, अशी बहुसंख्यांची श्रद्धा होती, आणि जेथे देवाची मर्जी विचारायची तेथे हिशेब मांडणे म्हणजे उद्धटपणा.

ही श्रद्धा किती खोल होती त्याचे पुरावे दगडांत आहेत. ग्रीसमध्ये बुरा येथे हिराक्लिसची एक गुहा होती. प्रवासी पौसानिअस सांगतो की भाविकाने देवापुढे प्रार्थना करून, तेथे ठेवलेल्या ढिगातली चार हाडे उचलून टाकायची. पडेल त्या डावाचा अर्थ फळ्यावर लिहिलेला असे. आशिया मायनरच्या दक्षिणेकडील गावांत तर चौकात शिलास्तंभच उभे होते. पाच हाडे टाकायची. पाच हाडांचे ५६ निरनिराळे डाव होतात. त्या प्रत्येकापुढे एका देवाचे नाव आणि सल्ला कोरलेला. प्रवासाला निघावे का, आजारी बरा होईल का, व्यवहार करावा का? बाजाराला आलेला शेतकरी हाडे टाकी, अंक मोजी आणि दगड वाचवून घेई. आणि डेल्फीच्या वरच्या अंगाला, पर्नासस पर्वतावर, पान आणि वनदेवता यांची कोरिकिअन गुहा आहे. फ्रेंच संशोधकांनी १९७० च्या सुमारास ती खणली, तेव्हा वीस हजारांहून अधिक हाडे निघाली. मोठी झालेली मुले आपली खेळणी देवतांना वाहून जात असावीत, असे पुष्कळांचे मत आहे. मुलांच्या थडग्यांतही ही हाडे सापडतात. जी मुले मोठी झालीच नाहीत त्यांच्याजवळ त्यांची खेळणी राहिली.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अॅरिस्टॉटलने प्राण्यांवर लिहिताना नोंदवले, की हे खेळण्याजोगे हाड सामान्यतः दुभंगलेल्या खुराच्या प्राण्यांत सापडते आणि तेही मागच्या पायात. डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिलांना जन्म देतो, हेही त्याला ठाऊक होते. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या, सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांच्या पूर्वजांचे पाय प्रसिद्ध झाले. त्यांच्या घोट्यात हेच हाड होते, दोन्ही टोकांना कप्पीसारखे खाचलेले, थेट मेंढीच्यासारखे. देवमासा हा दुभंगलेल्या खुराच्या प्राण्यांचा भाऊबंद, हे घोट्याने सिद्ध केले. आणि २००७ साली जम्मूतल्या कालाकोटच्या दगडांतून, आपल्या ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने गोळा केलेल्या संग्रहातून, देवमाशांचा आणखी एक निकटचा नातेवाईक पुढे आला : इंडोह्यूस, मांजराएवढा, हरणासारखा दिसणारा. बोलणारे हाड फार काळ गप्प बसत नाही.

असो. आता पुन्हा माझ्या चुकीकडे येतो.

पात्रोक्लोसचे ते बोलणे मी आता नव्याने वाचतो. तो मित्राजवळ एकच मागणे मागतो : माझी हाडे तुझ्या हाडांपासून वेगळी ठेवू नकोस, आपण एका घरात वाढलो, तशी एकाच पात्रात आपली हाडे राहू देत. या मागण्याच्या मधोमध तो लहानपणीची हत्या आठवतो. मी अजाण होतो, म्हणतो. माझ्या मनात नव्हते, म्हणतो. हाडांवरून चिडलो होतो, म्हणतो. आणि पुन्हा आपल्या अस्थींकडे वळतो. एक मूल दुसऱ्या मुलावर खेळात रागावते, हात उचलते, आणि क्षणात जे व्हायचे ते होऊन जाते. त्या रागामुळे त्याचे घर सुटले; घर सुटले म्हणून अकिलिस भेटला; अकिलिस भेटला म्हणून तो ट्रॉयला आला आणि मेला; आणि तो मेला म्हणून हेक्टर मेला. मी या मुलाला वर्गात जुगारी ठरवले होते! फासा म्हटले की पैज आली, लोभ आला, दुर्गुण आला. शेळीचे हाड म्हटले की उरते ते फक्त बालपण, आणि त्या बालपणात घडलेली, कधीही न भरून येणारी गोष्ट.

एल्पेनोरची आठवण ठेवा, असे मी म्हटले होते. त्याचाही आत्मा ओडिस्यूसला पाताळात भेटतो. आपली मान कशी मोडली हे सांगतो आणि मागणे मागतो : मला न जाळता, न रडता जाऊ नका, समुद्रकाठी माझी समाधी करा आणि मी जे वल्हे मारीत होतो ते तिच्यावर रोवा. म्हणजे होमरच्या दोन्ही काव्यांत हा लहानसा शब्द अंत्यसंस्कार न झालेल्या एकेका मृताच्या तोंडी आहे. हे होमरने योजून केले असे मी म्हणणार नाही. पण इतके खरे, की खेळातले हाड आणि चितेवरचे हाड यांत ग्रीकांना फार अंतर वाटत नव्हते.

मराठीत त्या ओळीचे काय करावे? 'फासे' मी खोडले आहे. 'सागरगोटे' लिहून पाहिले. गोड वाटते, पण ते आपल्या अंगणातले आहे, ओपसच्या नव्हे. शेवटी मी लिहिले : 'खेळातल्या हाडांवरून चिडून'. थोडे खडबडीत आहे. पण त्यामुळे मागचीपुढची हाडे या हाडांना भेटतात, आणि ऐकणारा क्षणभर थबकतो. त्याने थबकावे असेच मला वाटते.

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी आता कोठे असेल, मला ठाऊक नाही. कदाचित आज रेडिओपाशी बसला असेल. त्याला मला एवढेच सांगायचे आहे : तुमचा प्रश्न बरोबर होता. लहान मुलगा जुगार खेळत नव्हता. तो हाडे खेळत होता. हे मी त्याच दिवशी सांगायला हवे होते. निदान 'मला ठाऊक नाही, बघून सांगतो' असे तरी म्हणायला हवे होते. माझ्या टेबलावर आता ते हाड असते. वर्गात कोणी अडचणीचा प्रश्न विचारला, की मी खिशात हात घालून ते चाचपतो आणि मग उत्तर देतो.